बिल्यानाच्या वतीनं

सूड घ्यायचाच असेल तर अशा गावी घ्यावा, जिथली भाषा आपल्याला येते आणि समोरचीला येत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. माझं मलाच सुचलं, आणि सुचलं तेव्हा बसच्या खिडकीला कपाळ टेकून मी इतकी गोड हसले की शेजारी बसलेल्या बिल्यानानं विचारलं, "काय गं, कुणाची आठवण आली?"

"तुझीच."

"मी तर इथेच आहे, वेडे!"

"हो ना. तेच तर."

तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि सूर्यफुलाच्या बियांची पिशवी माझ्यापुढे धरली. मी घेतल्या. सूड वेगळा, बिया वेगळ्या.

आम्ही निघालो होतो इस्तंबूलला, बॉलचे ड्रेस घ्यायला. बारावीचा बॉल, म्हणजे शाळा संपल्याचा नाचाचा समारंभ, आमच्याकडे लग्नाच्या खालोखाल. माझी आई तर म्हणते लग्नाच्या वर, कारण लग्न दुसऱ्यांदा करता येतं. मुलगी सजून घरातून निघते तेव्हा अख्खी इमारत खाली उतरते, वाजंत्री असतात, शेजारणी रडतात. आणि आमच्या गावात, हास्कोवोतल्या दुकानात ड्रेस घेतला तर नेमका तोच दुसऱ्या तुकडीतल्या एखादीच्या अंगावर दिसायचा. त्यापेक्षा मेलेलं बरं. म्हणून जिला जमतं ती सरहद्द ओलांडते. संत गेओर्गीच्या सणाची सुट्टी धरून आम्ही दोघींनी तिकिटं काढली होती. काढली तेव्हा बिल्याना माझी जिवाची मैत्रीण होती. बसमध्ये बसेपर्यंत ती काय झाली होती, ते फक्त मला माहीत होतं.

चोवीस मेला, आमच्या लिपीच्या सणाला, गावातल्या सगळ्या शाळा मिरवणुकीनं निघतात. फुलांच्या कमानी, ढोल, आणि शाळेच्या पुढे शाळेचा झेंडा. तो बारावीतला एकच जण धरतो, छातीवर पांढरा-हिरवा-तांबडा पट्टा, हातांत पांढरे हातमोजे. दोन बाजूंना दोन मदतनीस. दुसरीत असताना मी फुटपाथवरून पहिल्यांदा तो झेंडा पाहिला आणि ठरवलं की हा माझा. कुणाला सांगितलं नाही. तेव्हा मी कुणालाच काही सांगत नसे.

हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. अगदी बारावीपर्यंत मला कुणी नाव विचारलं तरी बिल्याना सांगायची. कँटीनमध्ये माझी बानित्सा तीच मागायची, "झोरीला चीजवाली, कडेचा तुकडा." बसमध्ये माझा थांबा तीच ओरडायची. मग या हिवाळ्यात प्लोव्हदिवला इतिहासाची स्पर्धा होती आणि नेमकी बिल्याना तापानं घरी. माईक माझ्या हातात आला, समोर भरलेलं सभागृह. मी बोलले. आणि काय सांगू, छत कोसळलं नाही! लोकांनी टाळ्या वाजवल्या! तेव्हापासून मी थांबलेलीच नाही. वर्गात माझा हात वरून खाली येत नाही. भौतिकशास्त्राचे सर म्हणतात, "झोर्नित्सा, मध्ये मध्ये श्वास घेत जा."

मार्क आम्हा दोघींना सारखेच, सगळ्या विषयांत पैकीच्या पैकी. पण स्पर्धेचं बक्षीस माझं होतं, त्यामुळे झेंडा कुणाचा यात कुणाला शंका नव्हती. एप्रिलमध्ये फळ्यावर नाव लागलं: बिल्याना. मला मदतनीससुद्धा केलं नव्हतं. मी तिला मिठी मारली. मनापासून मारली, आता आठवलं की अंगावर काटा येतो. ती माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "मला कळतंच नाहीये कसं झालं, झोरी!"

कसं झालं ते मला पेंचेवा बाईंनी सांगितलं. त्या आमच्या वर्गशिक्षिका. इस्तंबूलला निघायच्या थोडे दिवस आधी त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि माझा गाल थोपटला.

"बरं झालं हं, तू बिल्यानाजवळ मन मोकळं केलंस. सभागृहात बोलणं वेगळं, पण रस्त्यावरच्या एवढ्या गर्दीत तुला घेरी आली असती तर काय केलं असतं आम्ही? बिचारी रडत रडत आली गं माझ्याकडे. म्हणाली, झोरीला नाही म्हणता येत नाही, तुम्हीच तिचं नाव काढा, पण तिला कळू देऊ नका, तिला लाज वाटेल. अशी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं."

आणि मी, प्लोव्हदिव गाजवून आलेली मी, म्हणाले, "हो, बाई."

एवढंच. जुनी सवय तोंडात येऊन बसली. बाई गेल्यावर मी मुलींच्या स्वच्छतागृहात जाऊन भिंतीला इतक्या जोरात लाथ मारली की बुटाचं टोक फाटलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. माझ्या वतीनं बोलली! मला न विचारता, माझ्या तोंडचं म्हणून!

ठीक आहे. आता मीही तिच्या वतीनं बोलणार होते.

मला तुर्की येतं. आई शिफ्टला जायची तेव्हा मी भिंतीपलीकडच्या तुर्की गुल्तेन मावशीकडे असायचे, तिच्या सूनबाईंशी भांडत आणि तिच्या मालिका बघत वाढले. बिल्यानाचं कुटुंब प्लेव्हेनहून आलेलं, तिकडे तुर्की कानावर पडत नाही. तिला तुर्कीतलं 'चहा' सोडून काही कळत नाही, आणि तेही कप समोर असला तर.

सुरुवात जेवणापासून केली. खानावळीच्या काचेमागे मोठमोठी पातेली मांडली होती. बिल्यानानं कोकराच्या रश्श्याकडे बोट दाखवलं, डोळे असे लकाकले की बस. मी मिशीवाल्या वाढप्याकडे वळले आणि हळू आवाजात तुर्कीत म्हटलं, "काका, माझ्या मैत्रिणीचं पोट पार बिघडलंय. लाजते सांगायला. तिला नुसता भात आणि दही द्या. कोकरू मला."

वाढप्याचं काळीज विरघळलं. त्यानं भात आणला, दही आणलं, वर स्वतःहून पुदिना-लिंबाचा काढा आणला आणि बिल्यानाच्या डोक्यावरून हात फिरवून गेला.

"हे काय?" बिल्याना म्हणाली. "मी मटण दाखवलं होतं."

"संपलं म्हणतोय."

"मग तुझ्या ताटात काय आहे?"

"शेवटचं होतं."

"आणि तो माझ्या डोक्यावरून हात का फिरवत होता?"

"आवडलीस त्याला. पी तो काढा, मान ठेव त्याचा."

ती प्यायली, तोंड वाकडं करत, पूर्ण. मी हाडं चोखली.

दुपारी बाजारात एक शालवाला तिच्यामागे लागला, दोन्ही हात छातीवर ठेवून म्हणत होता, हे डोळे आहेत की समुद्र आहे! बिल्यानानं उत्सुकतेनं मला कोपर मारलं. "काय म्हणतोय, काय म्हणतोय?"

"म्हणतोय, डोळ्यांखाली काळं आलंय. झोप होत नाही का ताईंची."

"इतकं दिसतं?"

"दुकानातून दिसलं त्याला."

त्या संध्याकाळी तिनं हॉटेलजवळच्या भाजीवाल्याकडून काकडी घेतली आणि डोळ्यांवर चकत्या ठेवून पडून राहिली. मी उरलेली काकडी मीठ लावून खाल्ली. खिडकीतून बोटींचे भोंगे ऐकू येत होते आणि मला इतका आनंद झाला होता की पायाची बोटं आपोआप हलत होती. पण हे सगळं चटणी-कोशिंबीर होतं. मुख्य पदार्थ दुसऱ्या दिवशी होता.

ड्रेसच्या गल्लीत सगळ्या दुकानांच्या काचा झगमगत होत्या. बिल्याना चालता चालता एकदम थांबली. काचेत निळा ड्रेस होता. समुद्र खोल होतो तिथला निळा. पाठ उघडी, कंबरेपासून खाली सरळ पडलेला. तिनं नुसता श्वास आत घेतला.

"झोरी. हाच."

आत एक पन्नाशीची बाई होती. मनगटावर टाचण्यांची गादी, गळ्यात मोजायची फीत. तिनं तुर्कीत आमचं स्वागत केलं. बिल्याना निळ्याकडे बोट दाखवत मला म्हणाली, "सांग ना तिला, मला तो घालून बघायचाय. सांग, मी यासाठी गाव सोडून आले. सांग, मला स्वप्नात असाच दिसला होता."

मी बाईंना तुर्कीत म्हटलं, "ताई, ही फार लाजाळू आहे. उघडी पाठ बघून हिला घेरी येईल, पण तोंडानं नाही म्हणणार नाही. तुम्ही तिला काहीतरी बंद गळ्याचं, लांब बाह्यांचं द्या. आणि निळा दाखवूच नका. तिला लाज वाटेल."

शब्द न् शब्द तिचाच. म्हणताना माझ्या जिभेवर साखर होती.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग बिल्यानाकडे, आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात बदामी रंगाचं एक प्रकरण होतं. गळा कानापर्यंत, बाह्या बोटांपर्यंत, छातीवर मण्यांचा पिसारा. नवरदेवाच्या मावशीला शोभला असता.

"हा?" बिल्याना म्हणाली. "निळा का नाही देत?"

"म्हणतायत निळा तुला शोभणार नाही. खांदे रुंद आहेत म्हणे."

"माझे?"

"आता त्यांचा धंदाच आहे, त्यांना कळतं."

तिनं घातला. बाईंनी तिला छोट्या स्टुलावर उभं केलं आणि खाली बसून घेराला टाचण्या लावायला लागल्या. आरशात बिल्याना म्हणजे दिव्याची शेड. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला.

"झोरी, खरं सांग. तूच एक खरं सांगतेस मला. इतकी वाईट दिसते मी निळ्यात? तिला परत विचार ना, नुसतं एकदा घालून बघते म्हणावं..."

"विचारलं. नको म्हणतायत."

तेव्हा खाली बसलेल्या बाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, गादीत खोचल्या आणि मान वर केली.

"ए पोरी," त्या म्हणाल्या. आमच्या भाषेत. आमच्याच बाजूच्या हेलात. "मी कधी म्हणाले निळा हिला शोभत नाही?"

हास्कोवोत लहानाची मोठी झालेली मी! एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात आमच्याकडची तुर्की माणसांची गावंच्या गावं रिकामी झाली आणि ती माणसं इथेच येऊन दुकानं टाकून बसली, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. गुल्तेन मावशीचे सख्खे भाऊ याच शहरात आहेत. त्यांच्यासाठी मी पिशवीतून आमच्याकडचं चीज घेऊन आले होते! आणि तरी परक्या गावात आहोत, आपलं कुणाला कळत नाही, अशा थाटात मी दोन भाषांत दोन गोष्टी सांगत होते.

"नाझ्मिये माझं नाव. कर्जालीजवळची मी," बाई बिल्यानाला म्हणाल्या. "ही तुझी मैत्रीण मला म्हणाली, तुला उघड्या पाठीनं घेरी येते."

बिल्यानाचं तोंड उघडं राहिलं. डोक्यात एकेक दिवा लागताना मला दिसत होता.

"म्हणजे... काल ते मटण?"

"भरपूर होतं," मी म्हटलं. आता लपवून काय करायचं?

"आणि डोळ्यांखालचं काळं?"

"नव्हतं. समुद्र म्हणत होता."

"मी काकडी लावून झोपले, झोरी! माझी उशी ओली झाली!"

"बरं झालं!"

"पण का? मी काय केलंय तुझं?"

"पेंचेवा बाईंना काय सांगितलंस ते केलंस! झोरीला घेरी येते, झोरीला लाज वाटते, तुम्हीच तिचं नाव काढा! आलं ध्यानात?"

ती पांढरी पडली. बदामी कापडात आणखीच पांढरी.

"कुणी सांगितलं तुला?"

पाहिलंत? 'खोटं आहे' नाही म्हणाली. 'कुणी सांगितलं' म्हणाली.

"भांडायचं तर भांडा," नाझ्मिये मावशी म्हणाल्या, "पण तू हलू नकोस गं. घेरभर टाचण्या आहेत, पिंढऱ्या सोलून निघतील." आणि त्या स्वतः खुर्ची ओढून बसल्या. मालिका बघायला बसावं तशा.

बिल्याना स्टुलावर पुतळ्यासारखी उभी राहून रडायला लागली. "बाबा येणार नव्हते. स्पेनमधून. बॉलला ट्रक सोडून येता येत नाही म्हणाले. आणि मग म्हणाले, झेंडा असता तर गोष्ट वेगळी होती. मी बघितलेलं नाही त्यांना किती दिवसांत..."

"मग बापाला काय ते सांगायचंस! बाईंकडे माझं नाव कशाला काढलंस?"

"कारण तू काही बोललीच नसतीस! तू स्वतःसाठी कधी बोलली आहेस, झोरी? मला वाटलं, दोन दिवस रडेल आणि गप्प बसेल."

हे मात्र खोल गेलं. कारण पेंचेवा बाईंपुढे मी खरंच 'हो, बाई' म्हणून आले होते. तिचं गणित बरोबर होतं. मी फोन काढला.

आणि त्यांचा नंबर लावता लावता मला आठवलं, आज कोणता दिवस आहे. संत गेओर्गीचा. पेंचेवा बाईंच्या नवऱ्याचं नाव गेओर्गी. नामदिवसाला, म्हणजे आपल्या नावाच्या संताच्या सणाला, आमच्याकडे बोलावणं नसतं. ज्याला यायचं तो येतो, आणि शाळेतले सगळे दरवर्षी बाईंच्याच अंगणात जाऊन बसतात, मुख्याध्यापकांसकट. मी थांबू शकत होते. घरी जाऊन शांतपणे सांगू शकत होते. मी ठरवून थांबले नाही.

"हॅलो? कोण?" मागे ॲकॉर्डियन, पेल्यांची किणकिण. "झोर्नित्सा? थांब गं, हात कोकराच्या चरबीत बरबटलेत, स्पीकरवर टाकते. काय झालं? पासपोर्ट हरवलात ना?"

"नाही, बाई. सरांना नामदिवसाच्या शुभेच्छा. मला झेंडा धरायचाय."

"काय?"

"मला झेंडा धरायचाय. दुसरीपासून धरायचाय. मला घेरी येत नाही. मी बिल्यानाजवळ काही मन मोकळं केलं नव्हतं. ती इथेच आहे, विचारा."

मी फोन बिल्यानाच्या हनुवटीपुढे धरला. तिला उतरता येईना, वळता येईना. ती मान हलवत होती, डोळ्यांनी विनवत होती, की नको, सगळे ऐकतायत. ॲकॉर्डियन थांबलं होतं.

"सांग," मी म्हटलं.

"झोरी, प्लीज."

"माझं सांगताना नाही अडलं तुला."

नाझ्मिये मावशींनी नाक शिंकरलं. मग बिल्याना बोलली. खोल विहिरीतून बोलावं तशी. "मी खोटं बोलले, बाई. तिनं मला काही सांगितलं नव्हतं. माझं मीच जुळवलं."

पलीकडे अंगणातला कोंबडा आरवला. कुणीतरी म्हणालं, "अरे देवा, बिल्याना का?" मग घसा खाकरून मुख्याध्यापकांचा आवाज. दोन पेले पोटात असले तरी आवाज मुख्याध्यापकांचाच.

"झेंडा झोर्नित्साकडे. बिल्याना मदतनीस, उजव्या बाजूला. काढूनच टाकणार होतो, पण सणाच्या दिवशी नको. आणि मुलींनो, फोन ठेवा, परदेशातून फुकट नसतं ते."

मी फोन ठेवला. पोटभर जेवण झाल्यावर येतं ना, तसं काहीतरी अंगभर पसरत होतं.

"झालं का?" नाझ्मिये मावशींनी विचारलं. "आता मला सांगा, हा बदामी सोडवू का?"

त्यांनी निळा काढून दिला. बिल्यानानं डोळे पुसून तो घातला आणि तो तिला असा बसला की मला बघवेना. मी माझ्यासाठी तांबडा घेतला, घासाघीस मी स्वतः केली. बिल्यानाची घासाघीस मी केली नाही. तिची तिनंच केली, आमच्याच भाषेत.

परतीच्या बसमध्ये ती पुढे बसली आणि मी मागे. आईनं विचारलं, "कशी झाली सहल?" मी म्हटलं, "उत्तम."

चोवीस मेला वारा होता. झेंडा वाटतो त्यापेक्षा जड असतो. जाड कापड, सोनेरी झालर, आणि दांड्याचं टोक कमरेच्या चामडी खोबणीत बसवायचं, ते दर पावलाला पोटात घुसतं. मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. गुल्तेन मावशी पहिल्या रांगेत उभी राहून दोन्ही हात हलवत ओरडत होती. माझ्या डावीकडे दुसरा मदतनीस ओग्न्यान होता, वर्गातला गणितवाला, आणि उजवीकडे अर्धं पाऊल मागे बिल्याना, पांढरे मोजे घातलेले हात रिकामेच. इस्तंबूलनंतर आम्ही कामापुरतं बोललो होतो. "सरक" आणि "कितव्या तासाला" एवढंच.

चौकाच्या वळणावर मला तिचे बाबा दिसले. आले होते. खोटं उघडं पडल्यावरही आले होते, किंवा तिनं त्यांना सांगितलंच नव्हतं, मला माहीत नाही. फुटपाथच्या कडेला फोन दोन्ही हातांत धरून ते तिचं चित्रण करत होते, आणि ती त्यांच्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होती. हसू ओठांच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येत होतं.

तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि झेंडा उलटून माझ्या तोंडावर बसला. पूर्ण. नाकात धूळ आणि कपाटाचा वास, डोळ्यांपुढे नुसतं तांबडं. मदतनीस असतो तो याचसाठी. हात वर करायचा, कापड सोडवायचं, पुन्हा हात खाली. उजवीकडे बिल्यानाच्या बाहीची सळसळ मला ऐकू आली. बाबांच्या फोनसमोर, सगळ्या गावासमोर, तिला करण्यासारखं एकच काम आलं होतं.

"हात लावू नकोस," मी कापडाच्या आतून म्हटलं.

"झोरी, तुला दिसत नाहीये."

"लावू नकोस म्हटलं ना."

सळसळ थांबली. मी दांडा घट्ट धरला. पुढचं पाऊल कुठे पडणार हे मला ठाऊक नव्हतं, दगडी फरसबंदी संपून डांबर कुठे लागतं तेही नाही, पण ढोल ऐकू येत होता, आणि ढोल डावीकडे वळला तेव्हा मीही वळले.